मायोर्काच्या डोंगरधारेवर जाताना हातमोजे घ्याच

स्पेनच्या मायोर्का बेटावर वायव्य किनाऱ्याला लागून त्रामुंताना डोंगररांग आहे. तिच्या उत्तर टोकाजवळची काव्हाय बेर्नातची धार हातापायांनी चढणाऱ्यांच्या आवडीची. एका बाजूला सरळ समुद्रात उतरणारा कडा, आणि माथा काही ठिकाणी इतका अरुंद की बसून सरकावं लागतं.

सह्याद्रीत बेसॉल्टवर हात बसलेल्यांनी इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी: हा चुनखडीचा दगड आहे. पावसाच्या पाण्याने झिजून त्याला सुरीसारख्या कडा आल्यात. कोरडा असताना बुटाला झकास पकड मिळते, पण तळहात सोलवटून निघतात. म्हणून बागकामाचे पातळ, घट्ट बसणारे हातमोजे घ्या. लोकरीचे नकोत, पकड कळत नाही. वजन टाकण्याआधी प्रत्येक खाच हाताने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर दुसरी शोधा. आणि पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी धार सोडूनच द्या, कारण ओली चुनखडी, विशेषतः जिथे वर्दळीने गुळगुळीत झाली आहे तिथे, साबणासारखी निसटते.

पाणी सगळं खालूनच न्या. चुनखडीत ते मुरून जातं, धारेवर टाकं-बिकं काही नाही. उत्तरेचा वारा जोरात असेल तर मी तरी जाणार नाही. आणीबाणीत ११२.