साइट गूगलवरून पडण्याआधी या चुका टाळा

व्यापाऱ्याचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "दादा, आपली साइट गूगलवर दिसंना झालीय." दुसरं वाक्य, "आम्ही तर काहीच केलं नाही." आणि पाच मिनिटांनी कुणाकडून तरी घेतलेल्या, साइट गूगलवर वर आणून देणाऱ्या एका स्वस्त पॅकेजचा विषय निघतो. सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात दहा वर्षं साइटी सांभाळतोय, हा क्रम क्वचितच चुकला.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. साइट खाली गेली म्हणजे दंडच झाला, असं नसतं. गूगलच्या माणसाने साइट तपासून कारवाई केली असेल, तर सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकासाठीच्या गूगलच्या मोफत साधनात, 'मॅन्युअल ॲक्शन्स' या पानावर ती लिहिलेली असते. तिथे काही नसेल तर कारण दुसरं. निकालांचा क्रम लावणारा गूगलचा अल्गोरिदम बदलला असेल, साइट बंद पडली असेल, किंवा नवी साइट चढवताना डेव्हलपरने 'नोइंडेक्स', म्हणजे 'हे पान निकालांत दाखवू नको' ही गूगलसाठीची खूण, तशीच ठेवली असेल. हे शेवटचं मी इतक्यांदा पाहिलंय की आता सगळ्यात आधी तेच तपासतो. मॅन्युअल ॲक्शन्सचं पान न उघडताच दुरुस्तीला लागणारे लोक चांगली चाललेली पानंही मोडून ठेवतात.

आता विकतच्या लिंका, म्हणजे पैसे देऊन दुसऱ्या साइटींवरून आपल्या साइटकडे आणलेल्या बॅकलिंक.

मार्केट यार्डातले एक हळदीचे व्यापारी. दोन पिढ्यांची पेढी, माल चोख. घरगुती गिऱ्हाइकाला थेट पावडर पाठवायची म्हणून साइट काढली आणि दीड-दोन वर्षांत पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी हळूहळू वाढू लागल्या. त्या 'हळूहळू'चा त्यांच्या मुलाला कंटाळा आला. महिन्याला हजार बॅकलिंक देतो म्हणणारा एक जण त्याला फोनवर भेटला. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

दोन महिने साइट खरंच वर गेली. मग नव्या हळदीचे सौदे सुरू व्हायच्या तोंडावर गूगलची सूचना आली, तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंका अनैसर्गिक आहेत. मी यादी उतरवून घेतली तर जुगाराच्या साइटी, परदेशी भाषांतले ओसाड ब्लॉग, आणि त्या प्रत्येकावर शब्दाला शब्द तेच, 'सांगली हळद होलसेल'. हळदीशी कसला संबंध नसलेली शेकडो पानं एकच वाक्य म्हणतायत, हे कुणाच्याही नजरेत भरेल. विकतच्या लिंकांना आळा घालायला गूगलने पेंग्विन अपडेट आणलं ते एप्रिल २०१२ मध्ये, आणि २०१६ पासून ते मूळ अल्गोरिदममध्येच मिसळलंय. एवढ्या जुन्या गोष्टीत आजही माणसं पैसे घालतात, याचा मला मनापासून त्रास होतो.

आम्ही काय केलं? घाईत त्या सगळ्या साइटी डिसअव्हाव फाइलमध्ये, म्हणजे 'या लिंका धरू नका' असं गूगलला सांगणाऱ्या यादीत, घातल्या आणि कारवाई उठवा म्हणून गूगलकडे फेरविचाराचा अर्ज धाडला. तो फेटाळला गेला. लिंका काढून घ्यायचा प्रयत्नच त्यात दिसत नव्हता. मग एकेका साइटवाल्याला मेल केले, कुणाला कधी लिहिलं, काय उत्तर आलं याचा तक्ता केला, कुणाला किती पैसे दिले तेही अर्जात सरळ लिहिलं. दुसऱ्या खेपेला कारवाई उठली. पण साइट पूर्वीच्या वरच्या जागी गेली नाही, कारण ती जागा खोट्या लिंकांनीच मिळालेली होती. कारवाई उठली की सगळं परत मिळतं, ही समजूत काढून टाका.

त्या दिवसापासून माझा नियम आहे. लिंक द्यायला पैसे लागत असतील तर ती जाहिरात समजायची आणि तिच्यावर 'स्पॉन्सर्ड' असं मार्किंग लावून घ्यायचं. नाहीतर घ्यायचीच नाही.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे गावांची पानं. ठिबकचा एक विक्रेता होता. तासगाव, विटा, पलूस, जत, शिराळा, प्रत्येकासाठी एक पान, मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं. याला डोअरवे पेज म्हणतात, म्हणजे फक्त गूगलवरून गिऱ्हाईक ओढायला केलेलं पान. २००६ साली गूगलने बीएमडब्ल्यूची जर्मन साइट डोअरवे पानांपायी निकालांतून काढली होती, तिथे गावोगावच्या दुकानदाराला कोण सोडणार? आणि दुःख याचं की त्या माणसाकडे सांगण्यासारखं भरपूर होतं. तासगावची द्राक्षबाग, वाळव्याचा ऊस, कृष्णाकाठची क्षारपड जमीन, जतचं तुटपुंजं पाणी, प्रत्येक ठिकाणी ठिबकचं गणित वेगळं. त्याला मी समोर बसवून बोलायला लावलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. त्यातून चार पानं झाली, बाकीची उडवून त्यांचे ३०१ रिडायरेक्ट दिले, म्हणजे जुन्या पत्त्यावर येणारा आपोआप नव्या पानावर जाईल असं केलं. पान लिहिण्याआधी मालकाला तासभर बोलतं करायचं, ही सवय मला तिथून लागली. घाईच्या माणसाला हा तास जड जातो. माझ्या मते हाच तास साइटचा पाया आहे.

बाकीचं थोडक्यात. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवू नका. एकाच ओळीत 'बेदाणा' पाच वेळा कोंबू नका. एआयकडून शेकडो लेख काढून चढवू नका. मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅम धोरणात घाऊक मजकुराचा स्पष्ट उल्लेख आहे, मग तो यंत्राने लिहिलेला असो की माणसाने. नातेवाइकांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेऊ नका. जुने प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं, अपडेट करा, साइट हॅक होऊन तिच्यात जपानी पानं उगवली की दुकानाचं नाव शोधणाऱ्यालाही तीच दिसतात. कंपनीचं उत्पादन-वर्णन जसंच्या तसं टाकलं तर दंड होत नाही, पण तेच वर्णन शंभर दुकानांकडे असताना गूगलने तुमचंच का दाखवावं?

आणि सर्च कन्सोलची मालकी स्वतःच्या ईमेलवर ठेवा, एजन्सीच्या नाही. हळदवाल्यांना आलेली ती सूचना बारा दिवस त्या लिंकवाल्याच्याच इनबॉक्समध्ये पडून होती.