ओटा फोडण्याआधी दोन दिवस हॉलमध्ये स्वयंपाक करून बघा

आमचं घर डोंबिवलीत, 1994 च्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. कडप्प्याचा ओटा, आणि सिंकखालून झिरपणारं पाणी थेट खालच्यांच्या छताला. काम काढावंच लागलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला पंधरा दिवस, लागले चौतीस. घरात चार माणसं. सासूबाई 81 वर्षांच्या, त्यांना पहाटे साडेपाचला चहा हवा, आणि मला 8:04 ची फास्ट.

त्यातून तरलो ते एका गोष्टीमुळे. फोडकामाच्या आधीच्या शनिवारी मी स्वयंपाकघराला बाहेरून कडी लावली आणि सांगितलं, रविवार रात्रीपर्यंत आत कोणी जायचं नाही. रंगीत तालीम! पहिल्या अर्ध्या तासात कळलं की सांडशी आत, गाळणं आत, मिसळणाचा डबाही आतच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इंडक्शन शेगडी 2000 वॅटची, म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर ओढणार, आणि टीव्हीजवळचा सॉकेट छोटा, 6 अँपिअरचा. अडॅप्टर लावून दूध तापवायला घेतलं तर प्लग हाताला चटका देण्याइतका गरम. लगेच बंद केलं, त्याच संध्याकाळी इलेक्ट्रिशियनला बोलावून 16 अँपिअरचा पॉइंट काढून घेतला.

भांड्यांचंही तेव्हाच बघा. फ्रीजवरचं मॅग्नेट बुडाला लावायचं, घट्ट चिकटलं तर भांडं इंडक्शनवर चालतं. आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, चहाचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नापास झालं. त्यांनी दोन दिवस स्टीलच्या पातेल्यातल्या चहाला नावं ठेवली. लोखंडी तवा चालतो, पण फुलके विसरा; घडीच्या पोळ्या करा, नाहीतर सरळ पोळीभाजी केंद्रातून आणा. मी रोज बारा आणल्या आणि मला अजिबात अपराधी वाटलं नाही. फोडणीची जागा ठरलेली: तेल-मोहरीचा धूर बाल्कनीच्या दाराशीच, नाहीतर सोफ्याच्या कव्हरला महिनाभर हिंगाचा वास येतो. शेगडी काढल्यावर सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि सिलिंडर उभाच ठेवा. पाइपचा गॅस असेल तर त्या पाइपला प्लंबरला हात लावू देऊ नका, गॅस कंपनीचाच माणूस बोलवा.

खरा त्रास स्वयंपाकाचा नाही, भांड्यांचा. सिंक गेलं की भांडी बाथरूममध्ये येतात. आमची आली, आणि नवव्या रात्री बाथरूममध्ये घोट्यापर्यंत पाणी. नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालचा सांडपाण्याचा सापळा, उघडला तर आत भाताची शितं, कढीपत्ता आणि मोहरीचा लगदा. त्यानंतरची पद्धत अशी: ताटं आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसायची, मग दोन टब, एकात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं. टब ओततानाही खाली पिठाची जुनी चाळणी धरायची. बसायला पाट नको, प्लास्टिकचं ठेंगणं स्टूल घ्या. भांडीवाल्या मावशींनी उकिडवं बसावं लागतं म्हणून 500 रुपये जास्त मागितले. मी काही बोलले नाही; त्यांच्या जागी मी असते तर हजार मागितले असते.

धुळीपुढे आपण हरतो, हे आधीच मान्य करून टाका. दाराला जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून आणि उंबऱ्यावर ओलं गोणपाट, इतकं केलं तरी डाळीच्या डब्यांच्या झाकणांवर थर बसतोच. पीठ आणि मसाले बेडरूमच्या कपाटात न्या. चालू फ्रीजवर चादर गुंडाळू नका, मागची उष्णता कोंडते. ग्रॅनाईट घरात कापू देऊ नका, खाली आवारात पाणी मारत कापायला लावा.

मुहूर्ताचं म्हणाल तर आम्ही दिवाळी संपताच काम काढलं. दुसऱ्याच दिवशी गवंडी आणि सुतार दोघेही छठपूजेला गावी गेले, ते नऊ दिवसांनी उगवले. कारागिरांना सण विचारून तारीख ठरवा, आपले सण नंतर.

दोन ठिकाणी मात्र घाईला भुलू नका. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी साठवून 48 तास ठेवायचं आणि खालच्यांच्या छताकडे स्वतः जाऊन बघायचं. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल, एक रात्र पुरे. नाही पुरत. दुसरं, ओट्याची उंची. तो मापाशिवाय खडूने रेघ मारणार होता. मी पोळपाट हातात घेऊन भिंतीशी उभी राहिले, लाटायची नक्कल केली, आणि पोळपाटाची दोन इंच उंची वजा करायला लावली. मग आईंना उभं केलं. दोघींच्या रेघांमध्ये पावणेदोन इंचांचं अंतर. मधे, 33 इंचांवर तह झाला.

उरलेल्या टाइल्स कॉन्ट्रॅक्टर 'परत करतो' म्हणून नेऊ पाहतो. देऊ नका, पुढे त्याच शेडची टाइल मिळत नाही. मी सहा टाइल्स माळ्यावर ठेवल्या. मागच्या महिन्यात पाण्याचा फिल्टर लावायला आलेल्या मुलाने ड्रिलने एक फोडली. आता पाच आहेत.