टेक्ससमध्ये गुरे आणि शिकारीसाठी रँच विकत घेताना

टेक्ससमधील ९५ टक्क्यांहून अधिक जमीन खासगी मालकीची असल्यामुळे, ज्याला स्वतःची गुरे राखायची आहेत आणि हंगामात हरणांची शिकारही करायची आहे, त्याला तिथे जमीन विकत तरी घ्यावी लागते, नाहीतर भाडेपट्ट्याने. दलाल जाहिरातीत मोठ्या शिंगांच्या हरणाचे छायाचित्र हटकून लावतो. परंतु हरीण खरेदीखतात येत नाही. वन्यप्राणी राज्यातील जनतेचे मानले जातात आणि स्वतःच्या रानात हरीण मारण्यासाठीही मालकाला परवाना काढावा लागतो. म्हणून आधी गवत आणि पाणी, मग कागदपत्रे आणि शिकार सर्वांत शेवटी, हाच क्रम ठेवावा.

जमीन किती गायी पोसेल, हे विक्रेत्याच्या तोंडून न ऐकता स्वतः हिशेब करून ठरवावे. सुमारे ४५० किलो वजनाच्या गाईला दिवसाला १२ किलोच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे ४,३०० किलो सुका चारा लागतो. कुरणात उगवलेल्यापैकी निम्मे गवत मुळे आणि माती टिकावी म्हणून राखायचे असते. उरलेल्या निम्म्यातले बरेचसे तुडवले जाते किंवा किडे फस्त करतात, त्यामुळे गाईच्या पोटात एकूण उत्पन्नाचा चौथा हिस्साच जातो असे धरावे. एकरी ९०० किलो गवत येत असेल तर एका गाईला सुमारे १९ एकर लागतील आणि ३०० एकरांवर पंधरा-सोळा गायींपलीकडे जाता येणार नाही. राज्याच्या ओल्या पूर्व भागात काही थोडक्या एकरांत गाय निभावते, तर पेकोस नदीपलीकडच्या कोरड्या मुलखात शंभर एकरही अपुरे पडू शकतात.

रानातून गाडीने फेरी मारून काही कळत नाही, चालावे. लिटल ब्लूस्टेमसारखे उंच गवत झाडोऱ्याच्या आडोशालाच उरले असेल आणि मोकळ्यावर निवडुंग व जुनिपर माजले असतील, तर तिथे वर्षानुवर्षे अतिचराई झाली आहे असे समजावे. झुडपांचा पाला माणसाच्या छातीएवढ्या उंचीपर्यंत एका रेषेत ओरबाडलेला दिसला, तर हरणे किंवा शेळ्या जमिनीच्या कुवतीपेक्षा जास्त झाल्या आहेत. हे दोन पुरावे कोणत्याही छायाचित्रापेक्षा बोलके असतात.

पाण्याची तपासणी उन्हाळ्यात करावी. बोअरवेल काही तास सलग चालवून पाणी किती टिकते ते पाहावे आणि क्षार तपासून घ्यावेत. टेक्ससमध्ये भूजलाबाबत १९०४ पासून उपशाचे तत्त्व चालत आले आहे: स्वतःच्या जमिनीखालचे पाणी उपसता येते, मात्र शेजारीही तसेच उपसू शकतो, अनेक ठिकाणी भूजल संवर्धन जिल्ह्याचे, म्हणजे उपशावर देखरेख ठेवणाऱ्या स्थानिक संस्थेचे, नियमही लागू असतात. ओढ्या-नद्यांचे पाणी राज्याचे असते. घरगुती वापर आणि गुरांसाठी स्वतःच्या जमिनीवर २०० एकर-फुटांपर्यंतचा (एकरभर जागेत एक फूट खोल पाणी म्हणजे एक एकर-फूट) तलाव सहसा परवान्याशिवाय बांधता येतो.

कागदपत्रांत सर्वांत फसवी बाब म्हणजे खनिजहक्क. तेल आणि वायूचे हक्क कित्येक दशकांपूर्वीच वेगळे विकले गेलेले असू शकतात, आणि खनिजाचा मालक विहीर खणण्यासाठी तुमच्या जमिनीचा वाजवी तेवढा भाग तुमची संमती नसतानाही वापरू शकतो. टायटल कंपनीच्या, म्हणजे मालकीहक्क तपासून त्याचा विमा देणाऱ्या कंपनीच्या, अहवालातील अपवादांची (विम्यात न येणाऱ्या बाबींची) यादी वकिलाकडून वाचून घ्यावी आणि शक्य असल्यास खनिजमालकाकडून जमिनीचा पृष्ठभाग न वापरण्याची लेखी हमी मिळवावी. ती मिळाली नाही, तर किमतीत तसा भाव पाडून मागावा. रस्ता दुसऱ्याच्या रानातून जात असेल तर वहिवाटीचा हक्क नोंदलेला हवा. शेजाऱ्याच्या तोंडी शब्दावर फाटक कायम उघडे राहत नाही.

कराचा भाग किचकट असला तरी पैशाचा आहे. मागील सातपैकी पाच वर्षे शेतीसाठी वापरलेल्या जमिनीला बाजारभावाऐवजी उत्पादकतेवर आधारित करआकारणी मिळते, पण नव्या मालकाला त्यासाठी स्वतः अर्ज करावा लागतो, आणि नेहमीची मुदत ३० एप्रिल. जमिनीचा वापर बदलला तर मागच्या तीन वर्षांच्या करातला फरक भरावा लागतो. शेतीची आकारणी आधीपासून असेल तर गुरे न ठेवताही, ठरवून दिलेल्या सातपैकी किमान तीन कामे करून, वन्यजीव व्यवस्थापनाखाली तीच सवलत टिकवता येते. शिकारीवर भर असलेल्याला हा मार्ग बहुधा अधिक सोयीचा.

शिकारीचे रान विकत घेताना चालू भाडेपट्टे तपासावेत, कारण हंगामाच्या मधोमध रान हाती आले तर तिथे आधीच पैसे भरलेले शिकारी मचाण बांधून बसलेले असू शकतात. इतरांना पैसे घेऊन शिकार करू देणाऱ्या मालकाला राज्याच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाचा वेगळा परवाना लागतो. रानडुकरे मात्र मालकाच्या परवानगीने परवान्याशिवाय मारता येतात, आणि कुरणाची नासधूस पाहिल्यावर ती मारावीशी वाटतातच. हरणांना होणाऱ्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीजच्या नियंत्रण क्षेत्रात जमीन येते का, हेही पाहावे. तिथे शिकारीबाबत वेगळे नियम असू शकतात.

अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्या खरेदीदाराने शेतजमीन घेतल्यापासून ९० दिवसांत केंद्रीय कृषी खात्याला कळवणे बंधनकारक आहे, तेव्हा व्हिसावर असलेल्यांनी सौदा पूर्ण करतानाच तो अर्ज वकिलाकडून भरून घ्यावा.