दोघांची पहिली द्राक्षबाग : दिवाळीनंतर कशाला लागायचे आणि कशाची घाई करायची नाही

दिवाळी आटोपली की पावसाची ओल अजून जमिनीत असते, मजूर मिळतात आणि विहिरीला पाणी दिसते. नवी द्राक्षबाग लावायची ठरवलेल्या तरुण जोडप्यांनी कामाला लागायचे ते आत्ता. खुंटरोपे (ज्यांच्यावर पुढे हव्या त्या वाणाचे कलम भरायचे ती मुळांची रोपे) जमिनीत जायची फेब्रुवारीत, पण माती-पाण्याची तपासणी, चाऱ्या (लागवडीचे चर), शेणखत, ठिबक आणि रोपांची नोंदणी यांत मधले तीन महिने कधी सरतात ते कळत नाही.

पहिल्यांदा घरात बसून वेळेचा हिशेब मांडा. येत्या फेब्रुवारीत खुंट लावला, तर कलम भरायचे ऑगस्ट-सप्टेंबरात. त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत रिकट (कलमाची फूट जोडाच्या वर पुन्हा छाटणे), त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात खोड, ओलांडे (खोडाच्या आडव्या फांद्या) आणि मालकाडी (घड धरणारी काडी), ऑक्टोबरात पहिली फळछाटणी, आणि द्राक्षे त्यानंतरच्या फेब्रुवारी-मार्चात. म्हणजे लागवडीपासून पहिला घड हाती यायला दोन वर्षे लागतात. या दोन वर्षांत वेलीने फक्त मुळे आणि सांगाडा घडवायचा असतो. तिथे घाई केली की पुढची दहा-बारा वर्षे ओलांड्यावर रिकामी जागा आणि बारीक काडी सांभाळत बसावे लागते. म्हणून कर्ज घेणार असाल तर पहिल्या मालापर्यंत मुद्दलाचे हप्ते सुरू होणार नाहीत अशी सवलत बँकेकडे आधीच मागा आणि ती लेखी घ्या. घरखर्च या दोन वर्षांत कशावर चालणार, हेही आत्ताच ठरवा. नोकरी दोघांपैकी एकाची असेल तर ती सोडायची घाई करू नका.

आणि एकच एकर लावा. जमीन पाच एकर असली तरी एकच. द्राक्षात कामाच्या तारखा आपल्या हातात नसतात. फुटवे काढायचे ते त्याच आठवड्यात, फवारणी पाऊस थांबल्याबरोबर, कलमाच्या टोळीची तारीख निघून गेली की ती परत येत नाही. एक एकर दोघांच्या नजरेत राहते. तीन एकर पहिल्या वर्षी मजुरांच्या नजरेवर सोडावे लागते, आणि नव्या माणसाने शिकायचे ते सगळे तिथेच निसटते.

माती आणि पाणी

मातीचा नमुना दोन थरांतून घ्या, वरचा एक फूट आणि खालचा एक फूट, दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत. नेहमीच्या तपासणीबरोबर मुक्त चुन्याचे प्रमाण आणि क्षारता मागून घ्या, कारण द्राक्षाचा खुंट त्यावर ठरतो. सामू (पीएच) साडेसहा ते आठच्या दरम्यान असेल तर काम सोपे जाते. चुनखडी जास्त असली की लोह लागू होत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात आणि दरवर्षी त्यावर खर्च करावा लागतो. भारी काळ्या जमिनीत निचऱ्याची खात्री नसेल तर आधी चर काढा. चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) जमिनीत मात्र नव्या माणसाने द्राक्ष लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्याच्या बाबतीत फसगत होते ती दिवाळीच्या विहिरीकडे बघून. बागेला सगळ्यात जास्त पाणी लागते एप्रिलच्या खरडछाटणीनंतर (माल निघाल्यावर नवी काडी घेण्यासाठीची छाटणी), काडी वाढत असताना, आणि तेव्हाच विहीर तळ गाठते. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे चार हजार लिटर. कडक उन्हात, बाष्पीभवन दिवसाला दहा मिलिमीटरवर गेले असताना, वाढीच्या अवस्थेतल्या बागेला एकरी रोज सुमारे १७ हजार लिटर लागू शकते. तेव्हा शेजाऱ्यांना, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, मे महिन्यात ही विहीर किती तास चालते. उत्तर समाधानाचे नसेल तर आधी शेततळे, मग बाग.

पाण्याची तपासणीही मातीइतकीच महत्त्वाची आहे. क्षारता, क्लोराइड आणि सोडियम पाहा. बोअरचे पाणी खारट असेल तर ते पहिल्या वर्षी काही दाखवत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पानांच्या कडा जळायला लागतात, तेव्हा जमीन क्षार भरून बसलेली असते. नमुना घेताना मोटर अर्धा तास चालू ठेवा आणि मगच बाटली भरा.

ठिबकाच्या अनुदानासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा असेल तर तो आत्ताच करा. पूर्वसंमती मिळण्याआधी संच विकत घेतला तर अनुदान हातचे जाते. याच निमित्ताने सातबाराही काढा आणि त्यावर दोघांची नावे आहेत का ते पाहा. लक्ष्मी मुक्ती योजनेतून पतीच्या हयातीत पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. बागेत रोजचे निम्मे काम, कित्येकदा निम्म्याहून जास्त, तिच्या हातचे असणार आहे. बँक, विमा, नुकसानभरपाई, निर्यातीसाठी बागेची नोंदणी, सगळीकडे नाव असलेल्या माणसाची सही लागते. हे काम लांबवू नका.

चाऱ्या आणि खुंट

चाऱ्या डिसेंबरात काढा, दक्षिणोत्तर, साधारण अडीच फूट रुंद आणि तितक्याच खोल. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाकायला ट्रॅक्टरवाल्याला बजावून सांगा, कारण भरताना वरची सुपीक माती मुळांजवळ जायला हवी. दोन-तीन आठवडे चारी तापू द्या. मग चांगले कुजलेले शेणखत आणि सिंगल सुपर फॉस्फेट मातीत मिसळून चारी भरा आणि वर बोद (मातीचा वरंबा) उंच ठेवा, ती नंतर बसते. अर्धकच्चे शेणखत स्वस्तात मिळते म्हणून घालू नका. त्यातून हुमणी येते आणि कोवळी मुळे खाते.

दोन ओळींत नऊ फूट आणि दोन वेलींत पाच फूट अंतर धरले तर एकरी सुमारे ९६८ वेली बसतात. वाय पद्धतीच्या (इंग्रजी वाय अक्षरासारख्या मांडवाच्या) मांडणीला हे अंतर जमते आणि लहान ट्रॅक्टर फिरतो. भारी, जोमदार वाढीच्या जमिनीत दहा बाय सहा ठेवा.

खुंट कोणता, यावर प्रत्येक गावात दोन तट असतात. डॉगरिज जोमदार आहे, क्षार आणि सूत्रकृमींना (मुळांवरच्या सूक्ष्म कृमींना) फारशी दाद देत नाही, हलक्या जमिनीत तो उपयोगी पडतो. पण भारी जमिनीत त्याचा जोर आवरत नाही आणि काडीत घड कमी धरतात. तिथे ११०-आर बघा, तो मध्यम जोमाचा आणि पाण्याच्या ताणाला चांगला आहे. दुसऱ्याच्या बागेवरून नाही, आपल्या माती-पाण्याच्या अहवालावरून ठरवा. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. अहवाल घेऊन तिथल्या शास्त्रज्ञांना किंवा महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाच्या जवळच्या कार्यालयात विचारा. रोपे नोंदणीकृत रोपवाटिकेतूनच घ्या. पिशवी फाडून दोन-चार रोपांची मुळे बघा. तळाशी गुंडाळी झालेली असेल तर ती रोपे घेऊ नका. एकाच बागेत दोन खुंट मिसळले गेले तर पुढे पाणी आणि खत कोणाच्या मापाने द्यायचे, हा प्रश्न कायमचा मागे लागतो.

लागवड फेब्रुवारीत, थंडी ओसरल्यावर, दुपार टळून गेल्यावर करा. पहिल्या उन्हाळ्यात पाणी थोडे आणि वारंवार द्या, बोदावर उसाचे पाचट किंवा भुसा पसरा, आणि वाळवी व खोडाजवळचे तण यांच्याकडे लक्ष ठेवा. मधल्या पट्ट्यात पहिल्या वर्षी हरभरा, कांदा किंवा ताग चालेल. टोमॅटो, मिरची, वांगी आणि वेलवर्गीय भाज्या नकोत. त्यांच्यावरची कीड आणि सूत्रकृमी आपल्याच बागेत घर करतात.

कलम भरण्याचे दिवस

नव्या बागेचा सगळा दम इथे लागतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. जूनच्या शेवटी खुंटावर दोन-तीन सरळ, जोरदार फुटी ठेवून बाकीच्या काढा आणि त्या बांबूला बांधत जा. ऑगस्टपर्यंत त्या पेन्सिलीएवढ्या जाड झाल्या पाहिजेत. ज्या बारीक राहिल्या त्यांवर हट्टाने कलम भरले की ते चुकते आणि नांग्या पडतात. हवेत दमटपणा भरपूर आणि ऊन माफक, असे ऑगस्टचे शेवटचे पंधरा दिवस ते सप्टेंबरची अखेर हा काळ साधा. पुढे थंडी लागली की डोळा फुटूनही वाढ बसून राहते.

डोळेकाडी (कलमासाठीची डोळे असलेली काडी) ज्या बागेतून घ्यायची ती बाग तुम्ही दोघांनी आधीच्या हंगामात घड लागलेली पाहिलेली असावी. कोणाच्या तरी शब्दावर काडी आणली आणि दोन वर्षांनी वेगळाच वाण निघाला, तर त्यावर इलाज नाही. चांगल्या वेलींना फळ असतानाच रंग लावून ठेवा. काडी पक्व, तपकिरी, दोन डोळ्यांची. ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा आणि लवकरात लवकर वापरा. पाचर कलम जमिनीपासून एक-दीड फुटावर भरा. टोळीबरोबर दोघांपैकी एकाने सतत उभे राहावे. चाकू धारदार आहे का, काप एका दमात होतो का, साल सालीला किमान एका बाजूने मिळते का आणि पट्टी घट्ट बसते का, हे बघावे. दोन-अडीच आठवड्यांत डोळे फुटतात. त्यानंतर खुंटाच्या फुटी दर चार दिवसांनी काढत राहणे हे कंटाळवाणे काम आहे, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचे आहे.

वाणाचा विचार बाजार ठरवून करा. थॉमसन आणि त्याच्याच कुळातले तास-ए-गणेश, माणिक चमन, सोनाका खाण्याला चालतात आणि भाव पडला तर बेदाण्याला वळवता येतात. पहिल्या बागेला ही सोय मोलाची आहे. काळ्या आणि रंगीत वाणांना भाव चांगला मिळतो, पण रंग एकसारखा आणणे हे हात बसल्यावरचे काम आहे. वाईनच्या द्राक्षांची लागवड खरेदीचा लेखी करार हातात असल्याशिवाय करू नका, ती द्राक्षे दुसऱ्या बाजारात खपत नाहीत.

कलमाची कोवळी फूट आली की डाऊनीचा (केवडा या बुरशीजन्य रोगाचा) धोका सुरू होतो. खुंटाला जे चालले ते थॉमसनच्या पानाला चालत नाही. पानावर काही तास पाणी साचून राहिले तरी लागण होते, म्हणून सलग भिजपावसाची चिन्हे असली की पाऊस येण्याआधीच फवारणी झालेली हवी. करपा, उडद्या आणि फुलकिडे यांच्यासाठी सकाळची फेरी पुरते, पाने उलटून पाहिली तर. हवामान खात्याच्या कृषी सल्ला पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. त्या वाचून त्या आठवड्याची कामे लिहून काढायची सवय दोघांनी लावून घ्या.

फवारणीबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. घरात बाळाची चाहूल असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर त्या बाईने औषध कालवणे, पाइप धरणे, फवारलेल्या ओळीत लगेच जाणे आणि फवारणीचे कपडे धुणे पूर्ण बंद ठेवावे. कामे वाटतानाच हे ठरवा. नोंदवही, मजुरांची हजेरी, डोळेकाडीची निवड, पैशांचा हिशेब ही कामे तिच्याकडे येतील. आणि फवारणारा कोणीही असो, हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घातल्याशिवाय पंप चालू करायचा नाही.

रिकट ते पहिला माल

मांडवाचे अँगल आणि तारा रिकटच्या आधी उभ्या झाल्या पाहिजेत. रिकट फेब्रुवारीत, रात्रीची थंडी कमी झाल्यावर, कलमाच्या जोडावर तीन-चार डोळे ठेवून करा. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते विषारी आहे. ते हाताळणाऱ्याने आधी आणि नंतर काही दिवस दारूला शिवू नये, जिवावर बेतू शकते. मजुरांना हे काम सुरू होण्याआधी स्पष्ट सांगा.

फूट सरळ वर न्या आणि खोड करा. ओलांडा तयार करताना एका दमात लांब काढायचा मोह टाळा. नऊ-दहा पाने झाली की सातव्या पानावर शेंडा मारायचा, पुढची फूट वाढवायची, पुन्हा थांबवायची. अशाने ओलांड्यावर सगळीकडे काड्या निघतात. एका दमात पळवलेल्या ओलांड्याला मधोमध मोकळी जागा राहते आणि ती नंतर भरून निघत नाही.

पहिल्या ऑक्टोबर छाटणीनंतर घड दिसतील तेव्हा ते कमी करणे मनाला फार जड जाते. वाढलेल्या बागेत दीड चौरस फुटाला एक घड हा चांगल्या मालासाठीचा ठोकताळा आहे, म्हणजे नऊ बाय पाचच्या वेलीला साधारण तीस. पहिल्या मालाला त्याहून कमी ठेवा. बोटभर जाडी नसलेल्या ओलांड्यावरचे आणि बारीक काडीवरचे घड फुलोऱ्याआधीच काढून टाका, आणि कोणत्या वेलीवर किती ठेवले ते ओळीनिहाय वहीत लिहा. एप्रिलच्या खरडछाटणीनंतर कुठल्या वेलीला किती जोर आहे, ते त्याच वहीवरून ताडून बघता येईल.