आधी सबवूफर की सॅटेलाइट?

दुकानात सबवूफर, म्हणजे फक्त खालचे जाड सूर (बास) वाजवणारा स्पीकर, सुरू केला की छातीत धडधडतं आणि गिऱ्हाईक तिथेच विरघळतं. पण बातम्या, संवाद, गाण्याचे शब्द, बासरी, तबल्याची चाट हे सगळं येतं ते सॅटेलाइटमधून, म्हणजे डाव्या-उजव्या छोट्या स्पीकरांतून. बजेट बेताचं असेल तर आधी डावी-उजवी जोडी चांगली घ्या, सबवूफर नंतर.

मात्र ही जोडी मुठीएवढी नको. अडीच-तीन इंची स्पीकर साधारण 120-150 हर्ट्झच्या खाली दमतो (हर्ट्झचा आकडा जितका लहान, तितका सूर खालचा). मग तिथपर्यंतचा सगळा भाग सबवूफरवर पडतो आणि निवेदकाचा अर्धा आवाज सोफ्यामागून येतो, कारण 80 हर्ट्झच्या बऱ्याच वरचा आवाज कुठून येतोय हे कानाला कळतं. 5 किंवा साडेसहा इंची बुकशेल्फ (फळीवर मावणारी) जोडी 50-60 हर्ट्झपर्यंत उतरते, सबवूफरशिवाय वर्षभर सहज निघतं. खोक्यावरच्या पीएमपीओ (क्षणभराच्या, फुगवलेल्या) वॅटकडे बघूच नका, आरएमएस (सतत पेलवणारे) वॅट बघा. '20 ते 20,000 हर्ट्झ' याच्या पुढे उणे-अधिक 3 डेसिबल असं काही लिहिलेलं नसेल, तर तो आकडा शोभेचा.

सबवूफर आला की सर्वाधिक घोळ क्रॉसओव्हरचा होतो, म्हणजे किती हर्ट्झच्या खालचा आवाज सबवूफरकडे जाणार त्या सीमेचा. रिसीव्हर (सगळे स्पीकर जोडायचा ॲम्प्लिफायर) असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये स्पीकर 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर 80 ठेवा आणि सबवूफरच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं बटण पार शेवटपर्यंत फिरवा. तेही 80 वर ठेवलंत तर तोच आवाज दोनदा गाळला जातो, 80 च्या आसपास खड्डा पडतो आणि लोक व्हॉल्यूम वाढवत बसतात.

जागा ठरवायची युक्ती थोडी हास्यास्पद आहे, पण चालते. सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बासचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे प्रत्येक सूर सारखा, न घुमता ऐकू येईल तिथे सबवूफर न्या. 12 फूट लांबीच्या खोलीत साधारण 47 हर्ट्झचा सूर दोन टोकांच्या भिंतींपाशी फुगतो आणि बरोबर मध्यावर जवळपास नाहीसा होतो. खुर्ची मध्यावर असेल तर कितीही महागडा सबवूफर घ्या, तो सूर मिळणार नाही. खुर्ची दोन फूट सरकवा, फुकटात काम होतं.

मग वायरी तपासा: लाल ते लाल, काळी ते काळी. एका स्पीकरची उलटी लागली तर बास पातळ होतो. 80 हर्ट्झचा टोन लावून सबवूफरवरचं फेजचं (दोघांच्या आवाजाच्या लहरी जुळवायचं) बटण कुणाला तरी 0 आणि 180 वर फिरवायला सांगा. खुर्चीत बसून ज्यात आवाज मोठा वाटेल ते ठेवा. सतत घूं येत असेल तर सबवूफर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर घेऊन बघा.

आणि अमुक एका सुरालाच खरखर आली, तर स्पीकरचा कोन (पडदा) फाटला म्हणून दुरुस्तीला धावू नका. 30 ते 80 हर्ट्झचा टोन हळूहळू वर नेत शोकेसच्या काचेवर बोट टेकवा. खरखर थांबली, तर काचेच्या कडेला फेल्टची पट्टी चिकटवा.