दिवंगत मालिका-कलावंतांवर लिहू इच्छिणाऱ्यांसाठी

दूरचित्रवाणीवर नियमित लेखन करत असल्यामुळे दिवंगत कलावंतांवरचे लेख माझ्याकडे वारंवार येतात. या लेखनाकडे वळू पाहणाऱ्यांना मी आधी हेच सांगते, की मालिकेतल्या नटाचे मोठेपण कामांच्या यादीतून कळत नाही. चित्रपटातली भूमिका दोन-तीन तासांत पुरी होते. दैनंदिन मालिकेतली भूमिका वर्षानुवर्षे चालते. मधल्या काळात लेखक-दिग्दर्शक बदलतात, लीप येतो म्हणजे कथा एकदम काही वर्षे पुढे उडी घेते, टीआरपी म्हणजे प्रेक्षकसंख्येचा आकडा घसरला की कथानकाचा ट्रॅक वळवला जातो, आणि एवढ्या उलथापालथीतही पात्र तेच वाटावे ही जबाबदारी अखेर नटावर येऊन पडते. म्हणून ते पात्र कुठून निघाले आणि कुठे पोहोचले, हाच लेखाचा कणा असावा, असे माझे ठाम मत आहे.

अभ्यासाला एकच भूमिका निवडायची असेल, तर सुरेखा सिक्री यांची ‘बालिका वधू’मधली दादीसा घ्यावी. मालिका २००८ मध्ये सुरू झाली, तेव्हाची दादीसा कल्याणीदेवी ही बालविवाहाला धर्म मानणारी, घरातल्या सुनांना धाकात ठेवणारी बाई होती. पुढे नातू जगदीश पत्नी आनंदीला सोडून गौरीसोबत संसार थाटतो, तेव्हा हीच दादीसा नातवाच्या विरोधात आणि नातसुनेच्या बाजूने उभी राहते. सुरुवातीचे काही एपिसोड आणि हा टप्पा लागोपाठ पाहिला, तर एक गोष्ट लख्ख दिसते. सिक्रीबाईंनी हृदयपरिवर्तन झालेली मवाळ आजी उभी केली नाही. करडा आवाज तोच, रोखून पाहणे तेच, हट्टही तोच. फक्त त्या हट्टाची दिशा बदलली, आणि म्हणूनच तो बदल खरा वाटला. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातले शिक्षण आणि तिथल्या रंगमंडळातली अनेक वर्षे त्यांच्या पाठीशी होती, हे इथे सांगणे योग्य ठरते, कारण त्या तालमीचा पुरावा पडद्यावर दिसतो. १६ जुलै २०२१ रोजी त्या गेल्या, तेव्हा पुष्कळ लेखांत त्यांच्या तीन राष्ट्रीय पुरस्कारांची नोंद होती. ती हवीच, पण ही आठ वर्षे चाललेली मालिका एका वाक्यात उरकणे मला अन्यायाचे वाटते.

श्रेय वाटताना मात्र तोल सांभाळावा लागतो. दादीसाने आनंदीची बाजू घ्यायची हे लेखकांनी ठरवले. ते प्रेक्षकांच्या गळी उतरवले नटीने. दोन्ही कामे एकाच नावावर मांडू नयेत.

प्रत्येक भूमिका बदलतेच असेही नाही. बासू चटर्जी दिग्दर्शित ‘रजनी’ १९८५ मध्ये दूरदर्शनवर आली. दर भागात एक नवी तक्रार, एक नवा मुजोर कारभार, आणि त्याच्याशी भिडणारी तीच गृहिणी. रजनी पहिल्या भागात जशी होती तशीच शेवटी राहिली. बदलत गेली ती प्रिया तेंडुलकर यांची लोकांच्या मनातली प्रतिमा. पुढे त्या स्वतःच्या नावाच्या चर्चा-कार्यक्रमात प्रश्न विचारू लागल्या, तेव्हा त्या खुर्चीत प्रेक्षकांना रजनीच दिसत होती. १९ सप्टेंबर २००२ रोजी त्यांचे निधन झाले. त्या मराठीतल्या कथालेखिकाही होत्या, आणि रजनीच्या झगमगाटात त्यांचे लेखन झाकोळले जाऊ नये, याची काळजी लेख लिहिणाऱ्यानेच घ्यायची असते.

सतीश शहा यांचा प्रवास आणखी वेगळा. १९८४ च्या ‘ये जो है जिंदगी’मध्ये ते प्रत्येक भागात नवा माणूस बनून येत, तर वीस वर्षांनी ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’मध्ये त्यांनी इंद्रवदन हा एकच माणूस मुरवला. अशा वेळी एका पात्राच्या वाटचालीऐवजी नटाच्या दोन पद्धती शेजारी ठेवून पाहाव्यात.

नटाचे स्वतःचे योगदान शोधायला सर्वांत उपयोगी पडते ते रिप्लेसमेंट, म्हणजे त्याच भूमिकेत एका नटाच्या जागी दुसरा येणे. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’मध्ये डॉ. हाथी प्रथम निर्मल सोनी यांनी साकारले, नंतर कवी कुमार आझाद यांनी, आणि जुलै २०१८ मध्ये आझाद यांचे निधन झाल्यावर ती भूमिका पुन्हा सोनी यांच्याकडे आली. खादाड, प्रेमळ डॉक्टर हा आराखडा कायम राहिला, म्हणजे तो लेखकांचा होता. आझाद गेल्यावर प्रेक्षकांना जे चुकल्यासारखे वाटले, ते त्यांचे स्वतःचे. दोघांचे प्रसंग आलटून पालटून पाहिल्याशिवाय हा फरक शब्दांत पकडता येत नाही.

निधनाची बातमी येते आणि काही तासांत मजकूर द्यायचा असतो. एवढ्या वेळात हजार एपिसोडच्या मालिकेतून काहीच हाती लागत नाही. यासाठी चालू मालिकांतल्या ज्येष्ठ कलावंतांच्या नोंदी ते काम करत असतानाच ठेवाव्यात: पात्र कोणत्या प्रसंगाने वळले, त्या प्रसंगात नटाने काय केले, कोणते वाक्य कोणत्या सुरात म्हटले. तारखा मात्र फिरत्या संदेशांवरून कधीही उचलू नयेत. मृत्यू मध्यरात्रीच्या सुमारास झाला असेल, तर बातमीच्या दिवसात आणि निधनाच्या दिवसात हमखास गल्लत होते. तिथे कुटुंबीयांच्या निवेदनातली तारीख प्रमाण धरावी.