शिक्षा झालेला ठेकेदार नाव बदलून परत टेंडर भरतोय का, कसं शोधायचं

आमच्या गल्लीत ड्रेनेज लाइनचं काम निघालं तेव्हा शेजारचे काका बोर्ड वाचून म्हणाले, अरे हा तर तोच, खोटी बिलं लावली म्हणून शिक्षा झालेला, फक्त फर्मचं नाव बदललंय. काका ठाम, पण नुसत्या ठामपणावर अर्ज करता येत नाही, कागद लागतात.

आधी एक डोक्यात पक्कं करा, एफआयआर वेगळा, चार्जशीट वेगळी आणि दोषी ठरणं वेगळं. ई-कोर्ट्सच्या साइटवर महाराष्ट्र, आपला जिल्हा (आमचा पुणे), मग कोर्ट निवडून नाव आणि वर्ष टाका, स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा कारण एका अक्षराने केस सापडत नाही. फसवणुकीचं कलम जुनं असेल तर भादंवि (भारतीय दंड संहिता) ४२०, १ जुलै २०२४ नंतरचा गुन्हा असेल तर भारतीय न्याय संहिता ३१८(४). निकालात आरोपीचं पूर्ण नाव, वय, पत्ता मिळतो का बघा, तोच कामाचा. अपिलात स्थगिती मिळालीय का तेही बघा, नाहीतर आपलीच पंचाईत.

आता नाव बदलल्याची भानगड. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो, पहिले २७ म्हणजे महाराष्ट्र आणि पुढची १० अक्षरं म्हणजे चक्क पॅन! जुन्या कामाचं बिल आणि नव्या कामाचं बिल शेजारी ठेवा आणि ती १० अक्षरं जुळवा. पॅनचं चौथं अक्षर पी असेल तर एकटा माणूस, एफ असेल तर फर्म, सी असेल तर कंपनी. एकट्याचा धंदा असेल तर पाटी कितीही वेळा बदला, पॅन तोच. नवी कंपनी काढली असेल तर पॅनही नवा, मग एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर डायरेक्टर कोण ते बघायचं.

बिलं मिळवायला माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. मागायचं काय, तर वर्क ऑर्डर, बिलं, टेंडरच्या अटी आणि पाकीट क्रमांक १ (दराचं नाही, कागदपत्रांचं पाकीट) मधलं ठेकेदाराचं शपथपत्र. "याला काम का दिलं" असलं काही लिहू नका, उत्तर येत नाही. ३० दिवसांत काही आलं नाही की पहिलं अपील.

टेंडरच्या अटी नीट वाचा हं, साध्या ४२० मुळे माणूस आपोआप बाद होतोच असं नाही. केंद्राच्या खरेदीला २०१७ च्या वित्तीय नियमांतला नियम १५१ आहे, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दोषी ठरला तर बंदी, तीही जास्तीत जास्त ३ वर्षं (मला कमीच वाटते). महापालिकेच्या कामाला मात्र त्या टेंडरमध्ये काय लिहिलंय ते बघायचं. शपथपत्रात खोटं लिहिलेलं सापडलं तर तिथे धरा.

तक्रार आयुक्तांच्या नावाने द्या, निकालाची प्रत जोडा आणि पोच म्हणून आवक शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. मागणी "कारणे दाखवा नोटीस काढा" अशीच करा, कारण बाजू मांडायची संधी न देता काळ्या यादीत टाकता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९७४ मध्येच सांगून ठेवलंय.

काकांच्या ठेकेदाराचं म्हणाल तर पॅन वेगळा, पत्ता वेगळा, आडनाव तेवढं एक. काका अजून मानत नाहीत.